हिरवळ राखण्याचा छोटा धंदा: आधी बारा महिन्यांचे अंदाजपत्रक, मग यंत्र

या पाठात आपण काय शिकणार
• बचतीतील किती रक्कम धंद्यात घालावी आणि किती घरासाठी वेगळी ठेवावी
• एका फेरीचा दर कसा ठरवावा
• किती गिऱ्हाइके मिळाली म्हणजे घर चालेल
• गवत वाढत नाही त्या महिन्यांची सोय आधीच कशी करावी
• कर्ज घेण्यापूर्वी कोणता हिशोब करावा

धंदा कोठे आहे?

करोल बाग म्हटले की डोळ्यांपुढे दुकाने येतात. सराफी, कपडे आणि मोटारीचे सामान यांची ही पेठ. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायामुळे सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील मराठी कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली, तशी ती दिल्लीतही आली. या कुटुंबांतील प्रत्येक तरुण भट्टीवरच बसेल असे नाही. कोणी दुकानात नोकरी करतो, कोणी स्वतःचे काही सुरू करू पाहतो. थोड्या भांडवलात सुरू होणारा एक धंदा म्हणजे बंगल्यांची हिरवळ आणि बाग राखणे.

करोल बागेच्या गल्ल्यांत हिरवळ कमी आणि गच्चीवरच्या कुंड्या जास्त. पण जवळच राजेंद्र नगर, पटेल नगर आणि पुसा रोड आहे. तेथे काही घरांपुढे अजून अंगण आहे. सायकलच्या टप्प्यात काम असणे ही या धंद्यातली पहिली बचत. म्हणून एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी आठवडाभर सकाळी या गल्ल्यांतून फिरा. किती घरांपुढे हिरवळ आहे, तेथे आता कोण काम करते, महिन्याला काय घेते, हे वहीत लिहा. वहीतला हा आकडा तुमच्या अंदाजपत्रकाचा पाया आहे.

पुढील उदाहरणातील किमती आणि दर समजण्यासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही बाजारात विचारून आणलेले आकडे घाला. रीत तीच राहील.

पायरी 1: बचतीचे दोन भाग करा

समजा, तुमच्या खात्यात 60,000 रुपये आहेत. घरखर्च महिन्याला 20,000 रुपये आहे. गावाकडे आई-वडिलांना पाठवायचे पैसेही त्यातच धरा, कारण तो खर्च कोणत्याही महिन्यात थांबत नाही. घरातील दुसऱ्या व्यक्तीची मिळकत 12,000 रुपये आहे. म्हणजे धंद्याने दरमहा 8,000 रुपये घराला दिले पाहिजेत. याला आपण घराची उचल म्हणू.

तीन महिन्यांची उचल, म्हणजे 24,000 रुपये, प्रथम बाजूला काढा. ही घराची गंगाजळी. दुखणे-खुपणे किंवा अचानक गावी जाणे यासाठीच ती आहे. धंद्यासाठी ती नाही असे घरातील सर्वांना सांगून ठेवा. ती वेगळ्या बचत खात्यात किंवा छोट्या मुदत ठेवीत ठेवा. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते.

धंद्यासाठी उरले 36,000 रुपये.

पायरी 2: अवजारांची यादी

• ढकलून चालवायचे हातमशीन: 7,500
• कुंपण छाटायची मोठी कात्री: 900
• फांद्या कापायची छोटी कात्री: 500
• खुरपी, कुदळ, दंताळे: 1,200
• रबरी नळी: 1,400
• फवारणी पंप: 1,800
• हातमोजे, चष्मा, जाड बूट: 1,200
• जुनी सायकल आणि मजबूत कॅरिअर: 4,000
• पावतीपुस्तक, वही, पत्रके: 500
एकूण: 19,000 रुपये

36,000 मधून 19,000 गेले, उरले 17,000. हे 17,000 म्हणजे खेळते भांडवल. कमाई कमी असलेल्या महिन्यांत धंदा आणि घर यावरच तग धरतात. अनेकांना ही रक्कम ‘पडून राहिलेली’ वाटते आणि ते तिचेही सामान घेतात. ते टाळा.

या यादीत पेट्रोलचे यंत्र नाही. त्याची किंमत 30,000 धरली, तर हातमशीन वगळूनही एकूण खर्च 41,500 होतो. तो आपल्या 36,000 मध्ये बसत नाही. म्हणजे एक तर घराच्या गंगाजळीला हात लागेल, नाही तर कर्ज घ्यावे लागेल. कर्जाचा हिशोब आपण पुढे करू.

पायरी 3: एका फेरीचा दर

समजा, एका घरी आठवड्याला एक, महिन्याला चार फेऱ्या आणि महिन्याचे 1,200 रुपये ठरले. म्हणजे फेरीला 300 रुपये. काम दीड तास, जाणे-येणे अर्धा तास.

हे 300 रुपये सगळेच तुमचे नाहीत. सोने गाळताना थोडी घट येते आणि गलाईवाला ती आधीच धरून चालतो. येथेही तसेच आहे. पोती, कचरा उचलणाऱ्याचे पैसे, बुडालेली एखादी फेरी, न मिळालेले एखादे बिल अशी फेरीमागे 50 रुपये घट धरा. हातात राहतात 250. एका गिऱ्हाइकामागे महिन्याला 1,000 रुपये.

कचऱ्याचा खर्च सोडू नका. कापलेले गवत आणि पालापाचोळा कोपऱ्यात पेटवून देण्याचा विचारही करू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच दिल्लीत उघड्यावर पालापाचोळा आणि कचरा जाळल्यास 5,000 रुपये दंड ठरवला. एका दंडात पाच गिऱ्हाइकांची महिन्याची शिल्लक जाते.

पायरी 4: ठरावीक खर्च आणि गिऱ्हाइकांची संख्या

काम असो वा नसो, दरमहा लागणारा खर्च असा:
• मोबाइल: 250
• धार लावणे, सायकल दुरुस्ती: 400
• अवजारे बदलण्यासाठी बाजूला: 550
• विमा: 40
• किरकोळ: 260
एकूण: 1,500 रुपये

अवजारे तीन वर्षे टिकतील असे धरून 550 रुपये काढले आहेत. बँकेत तीन वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले, तर 36 महिन्यांत व्याजाशिवाय 19,800 रुपये जमतात आणि नवी अवजारे उधारीशिवाय घेता येतात.

विम्याचे 40 रुपये दोन योजनांचे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाखांचे संरक्षण मिळते. वय 18 ते 70 हवे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपये भरून कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. त्यात 18 ते 50 वयात सहभागी होता येते. दोन्ही हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात. मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाही तर संरक्षण बंद पडेल.

आता हिशोब सोपा आहे. ठरावीक खर्च 1,500 आणि घराची उचल 8,000 मिळून 9,500. एका गिऱ्हाइकामागे 1,000 राहतात. म्हणजे दहा गिऱ्हाइके हवीत. दोन गिऱ्हाइकांत धंद्याचा खर्च निघतो, घर मात्र दहावर चालते.

एखादा घरमालक म्हणेल, ‘आधीचा माळी 800 घेत होता.’ घट वजा जाता 800 मधून 600 उरतात. 9,500 ला 600 ने भागले तर सोळा गिऱ्हाइके लागतात. तेवढी मिळणार नसतील, तर हा दर घेणे म्हणजे दर महिन्याला बचतीतून घरमालकाला पैसे देणे आहे. नम्रपणे नकार द्या, किंवा 800 रुपयांत महिन्याला दोनच फेऱ्या देऊ करा.

पायरी 5: बारा महिने मांडा

या धंद्यात सर्वाधिक फसगत येथे होते. दिल्लीत मोसमी पाऊस साधारण 27 जूनच्या सुमारास येतो आणि 25 सप्टेंबरच्या सुमारास परततो. या काळात हरळी, म्हणजे दिल्लीकरांची ‘दूब’, झपाट्याने वाढते आणि कामाला माणूस मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीच हरळी जवळजवळ थांबते. घरमालक म्हणतो, ‘फेब्रुवारीत या.’ मे-जूनच्या उन्हात काही कुटुंबे बाहेरगावी जातात.

एप्रिलमध्ये 17,000 रुपयांवर सुरुवात केली असे धरू. प्रत्येक महिन्यात गिऱ्हाइके × 1,000 मधून 9,500 वजा केले आहेत.

• एप्रिल: 4 गिऱ्हाइके, तूट 5,500, शिल्लक 11,500
• मे: 5 गिऱ्हाइके, तूट 4,500, शिल्लक 7,000
• जून: 5 गिऱ्हाइके, तूट 4,500, शिल्लक 2,500
• जुलै: 9 गिऱ्हाइके, तूट 500, शिल्लक 2,000
• ऑगस्ट: 12 गिऱ्हाइके, वाढ 2,500, शिल्लक 4,500
• सप्टेंबर: 12 गिऱ्हाइके, वाढ 2,500, शिल्लक 7,000
• ऑक्टोबर: 12 गिऱ्हाइके, वाढ 2,500, शिल्लक 9,500
• नोव्हेंबर: 10 गिऱ्हाइके, वाढ 500, शिल्लक 10,000
• डिसेंबर: 6 गिऱ्हाइके, तूट 3,500, शिल्लक 6,500
• जानेवारी: 5 गिऱ्हाइके, तूट 4,500, शिल्लक 2,000
• फेब्रुवारी: 9 गिऱ्हाइके, तूट 500, शिल्लक 1,500
• मार्च: 11 गिऱ्हाइके, वाढ 1,500, शिल्लक 3,000

ऑगस्टचा महिना पाहून वर्षाचा अंदाज केला, तर 30,000 रुपये शिल्लक पडेल असे वाटते. खरे वर्ष 14,000 रुपयांच्या तुटीचे आहे. घराला मात्र बाराही महिने 8,000 मिळाले, गंगाजळी शाबूत राहिली, कर्ज झाले नाही. हे केवळ त्या ‘पडून राहिलेल्या’ 17,000 मुळे. आणि फेब्रुवारीत हाती फक्त 1,500 होते, हेही विसरू नका.

आता एकच गोष्ट बदलू. वरील मांडणीत पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ येतात असे धरले आहे. तेच पैसे पुढच्या महिन्यात आले तर? जूनअखेरीस पाच जणांकडून 6,000 रुपये येणे बाकी असेल. वहीत शिल्लक 2,500 दिसेल, पण हातात 3,500 रुपयांची तूट असेल. गिऱ्हाइके तीच, दर तोच, कष्ट तेवढेच. फक्त तारखेमुळे धंदा तिसऱ्या महिन्यात अडकतो. म्हणून काम ठरवतानाच सांगा: ‘पैसे महिन्याच्या पाच तारखेपर्यंत.’ पूर्ण आगाऊ मान्य नसेल, तर निम्मे आधी घ्या. रहिवासी संघटनेच्या बागेचे काम मोठे असते, पण बिल मंजूर होऊन पैसे हाती येईपर्यंत वेळ जातो. दोन महिने पैसे न मिळता काम करता येईल एवढी शिल्लक असेल तेव्हाच असे काम घ्या.

पायरी 6: तूट कशी भरावी

14,000 रुपयांची तूट भरण्याचे उपाय पाहू.

दर: वर्षभरात एकूण 100 गिऱ्हाइक-महिने भरले. दर 1,200 ऐवजी 1,300 ठेवला, तर 10,000 रुपये वाढतात.

कुंड्या: करोल बागेत अंगण नसले तरी गच्ची आणि सज्जा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेवंती, पिटुनिया, झेंडू अशा थंडीच्या फुलांच्या कुंड्या भरून देण्याची आठ कामे केली आणि प्रत्येकी 500 रुपये सुटले, तर 4,000 मिळतात. दोन्ही मिळून 14,000. तूट भरली. रोपांविषयी माहिती हवी असेल, तर शेजारीच पुसा येथे भारतीय कृषी संशोधन संस्था आहे. 1934 च्या भूकंपानंतर ही संस्था बिहारमधील पुसा गावाहून दिल्लीला आली आणि गावाचे नावही सोबत आले. तिच्या वार्षिक कृषी विज्ञान मेळ्यात बियाणे आणि सल्ला मिळतो.

सुरुवात: शक्य असेल तर पहिले तीन महिने हातची नोकरी सोडू नका. सकाळी सहा ते नऊ या वेळेत चार-पाच घरे सांभाळा. उन्हाळ्यात कामाची खरी वेळही तीच. त्या तीन महिन्यांतील 14,500 रुपयांची तूट त्यामुळे जवळजवळ टळते.

सुट्टी: गणपतीला गावी जाण्याची ओढ प्रत्येकाला असते. पण तो काळ नेमका हरळीच्या वाढीचा. पंधरा दिवस गेलात तर बारा घरांच्या प्रत्येकी दोन फेऱ्या बुडतात, म्हणजे फेरीमागे 250 प्रमाणे 6,000 रुपये. शिवाय गिऱ्हाईक दुसरा माणूस शोधते. जायचेच असेल तर बदली माणसाची मजुरी आधीच अंदाजपत्रकात धरा. लांबची रजा जानेवारीत घ्या.

पायरी 7: कर्ज घेण्यापूर्वी

पेट्रोल यंत्रासाठी 30,000 रुपये कर्ज 12 टक्के घटत्या शिल्लकेवर, 12 महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 2,665 रुपये येतो. वर्षाचे व्याज सुमारे 1,986 रुपये. ‘12 टक्के सरळ’ असे कोणी सांगितले, तर व्याज 3,600 होते, कारण फेडलेल्या मुद्दलावरही ते आकारले जाते. सावकाराचे ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला 900 आणि वर्षाला 10,800 रुपये, आणि मुद्दल जिथल्या तिथे. दर विचारताना नेहमी दोन प्रश्न विचारा: वर्षाचा दर किती? आणि तो घटत्या शिल्लकेवर आहे का?

हप्ता धरला की महिन्याची गरज 9,500 वरून 12,165 होते. म्हणजे तेरा गिऱ्हाइके, पेट्रोल वेगळे. आपल्या उदाहरणात सर्वांत चांगल्या महिन्यातही बाराच आहेत. म्हणून पहिल्या वर्षी यंत्र नको. मोठे काम आलेच, तर त्या दिवसापुरते भाड्याने आणा. दुसऱ्या वर्षी वहीत सलग चार महिने पंधरा गिऱ्हाइके दिसली, तर कर्जाचा विचार करा. त्यासाठी 2015 पासून चालू असलेली प्रधानमंत्री मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. तारण नाही म्हणजे परतफेड नाही असे मात्र नव्हे.

कागदपत्रे आणि सावधगिरी

• धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. घराची उचल दर महिन्याला एकाच तारखेला, एकदाच काढा.
• उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणी शुल्क मागितले तर देऊ नका.
• सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही.
• पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत ‘मालाकार’ आहे. तो हार-गजरे करणारा, बाग राखणारा माळी नव्हे. नावाच्या गोंधळात अर्जासाठी दलालाला पैसे देऊ नका.
• यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे सांगणारा तुमच्या खात्यातून पैसे काढत असतो.

करून पहा

1. तुमच्या घराची दरमहा उचल किती? तिची तिप्पट रक्कम वेगळी ठेवून धंद्यासाठी किती उरते?
2. तुमच्या भागातील दर आणि घट धरून एका गिऱ्हाइकामागे महिन्याला किती राहते?
3. ठरावीक खर्च अधिक उचल, भागिले वरील रक्कम. किती गिऱ्हाइके हवीत?
4. बारा महिन्यांची नावे लिहून प्रत्येकापुढे गिऱ्हाइकांचा अंदाज लिहा. खात्री नसेल तेथे कमी आकडा घ्या. कोणत्या महिन्यात शिल्लक सर्वांत कमी होते?
5. ती शिल्लक शून्याखाली गेली, तर अवजारांची यादी लहान करा, दर बदला किंवा सुरुवातीची तारीख पुढे न्या. गंगाजळीला हात लावू नका.

लक्षात ठेवा

गवत ऋतूप्रमाणे वाढते, घरखर्च मात्र दर महिन्याला सारखाच असतो. म्हणून पावसाळ्यात आलेला जास्तीचा रुपया जानेवारीचा समजा आणि त्याच दिवशी बाजूला ठेवा.